जुन्या गाडीला सिंथेटिक पाजू नका

गॅरेजमध्ये मिळणाऱ्या प्रत्येक सल्ल्याला एक जन्मतारीख असते. देणाऱ्याला ती बहुतेक वेळा माहीत नसते आणि ऐकणारा विचारत नाही. "जुन्या गाडीला सिंथेटिक पाजू नका, सगळे सील रडायला लागतील," हा असाच एक सल्ला. पिंप्राळ्यात, आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या उघड्या बॉनेटसमोर उभं राहून मिस्तरींनी तो दिला आणि वडिलांनी मान डोलावली.

मला तो खोटा पाडायचा नव्हता. तो कधी आणि कुठे जन्मला, हे पाहायचं होतं. कारण पद्मिनीचं इंजिन एकदा बसलं की सुटे भाग शोधत भंगारबाजार पालथे घालावे लागतात. वडील पंचाहत्तरीचे. एरंडोलजवळच्या पद्मालयाला जायचं तर याच गाडीने. दुसरी गाडी ते आता हाताळणार नाहीत. म्हणजे प्रश्न चार लिटर तेलाचा दिसत असला, तरी गाडी थांबली की त्यांचं एकट्याने बाहेर पडणंही थांबणार होतं.

आधी थोडं मागे जाऊ. 'वंगण' हा शब्द मोटारीपेक्षा कितीतरी जुना आहे. बैलगाडीच्या आसाला एरंडेलात काजळी कालवून केलेलं काळं वंगण लावत. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. रथ असो की बैलगाडी, लाकडी चाक कोरडं फिरवलं तर ते ओरडतं आणि आस झिजतो. तेव्हा वंगण शेतातून यायचं.

गंमत म्हणजे सुरुवातीची विमानंही त्याच शेतातल्या तेलावर उडाली. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांची इंजिनं स्वतःच गरगर फिरणारी होती आणि त्यांना एरंडेल लागायचं, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि उष्णतेतही धातूला चिकटून राहतं. वापरलेलं तेल परत टाकीत जात नसे, धुरातून बाहेर उडायचं आणि वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं. आजीने लहानपणी एरंडेल पाजलं असेल, तर पुढे त्या वैमानिकांच्या पोटाचं काय होत असेल ते सांगायला नको. १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या वेकफील्ड कंपनीने एरंडेल मिसळलेलं तेल बाजारात आणलं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, त्यावरून तेलाचं नाव पडलं 'कॅस्ट्रॉल'.

पण एरंडेल लवकर घट्ट होतं, इंजिनात चिकट थर धरतं. त्याची जागा खनिज तेलाने घेतली. आमच्या पद्मिनीची गोष्ट इथे सुरू होते. गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून इथे फियाट ११०० डिलाइट बनवली. तीच पुढे प्रेसिडेंट आणि मग सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. तिचं १०८९ सीसी इंजिन मात्र मुळात १९३७ च्या फियाटचं. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कुर्ल्यात बनत राहिलेल्या गाडीचं हृदय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं होतं.

१९३७ च्या तेलात आजच्यासारखं काही मिसळलेलं नसायचं. ते जळायचं, काळं पडायचं आणि गाळ तळाशी बसायचा. तेलात डिटर्जंट घालण्याची पद्धत रुळली ती चाळीस-पन्नासच्या दशकांत. हे डिटर्जंट म्हणजे कपड्यांची पावडर नव्हे, काजळी धुऊन तेलातच तरंगत ठेवणारी रसायनं. तेव्हा जगभर एक खरी अडचण आली. वर्षानुवर्षं साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात अचानक डिटर्जंटचं तेल घातलं की जुना गाळ सुटायचा आणि तेलाच्या वाटा तुंबायच्या. शिवाय जिथे पॅकिंग फाटलेलं होतं आणि गाळानेच भोक बुजवलं होतं, तिथून तेल टपकायला लागायचं. "जुन्या इंजिनाला चांगलं तेल सोसत नाही," ही भीती इथे जन्मली. सिंथेटिक तेल तेव्हा रस्त्यावर आलेलंही नव्हतं.

सिंथेटिक जन्मलं ते थंडीच्या पोटी. खनिज तेलात मेण असतं, कडाक्याच्या थंडीत ते गोठतं. १९४१-४२ च्या रशियन हिवाळ्यात जर्मन गाड्यांनी ते भोगलं. पेट्रोलियम कमी असलेल्या जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ त्याआधीपासूनच प्रयोगशाळेत रेणू जोडून तेल बनवत होते. युद्धानंतर जेट विमानांना तसल्याच तेलांची गरज पडली. मोटारींसाठी ते दुकानात आलं सत्तरच्या दशकात: अमेरिकेत १९७२ मध्ये ॲम्सॉइल, १९७४ मध्ये मोबिल वन.

आणि इथे मिस्तरींच्या वाक्याचा दुसरा जन्म आहे. रबरी सील खनिज तेल पिऊन किंचित फुगतात, त्यामुळे फट घट्ट बसते. सुरुवातीच्या काही सिंथेटिक तेलांत ते आकसायचे, तर एस्टर प्रकारच्या तेलात जास्तच फुगायचे. सील रडत होते, हे अगदी खरं. पुढे कंपन्यांनी दोन्ही प्रकार मोजून मिसळले आणि हा दोष जवळपास गेला. सल्ला मात्र तसाच हातोहात पुढे आला, वर्ष गळून पडलं.

दरम्यान 'सिंथेटिक' या शब्दाचाच अर्थ बदलला. खनिज तेलावर हायड्रोजनची जोरदार प्रक्रिया करून इतकं शुद्ध तेल बनू लागलं, की १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींवरच्या एका वादात त्यालाही सिंथेटिक म्हणायला हरकत नाही, असा निर्णय झाला. आज डब्यावर तो शब्द असला, तरी आतलं तेल बहुधा जमिनीतूनच आलेलं असतं. त्यामुळे डब्यावरचा मोठा शब्द सोडून बारीक अक्षरं वाचावीत.

बारीक अक्षरांत दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, जाडी. '१५डब्ल्यू-५०' मधला पहिला आकडा थंडीतली वागणूक सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातली. शून्यावरून सुरू होणारं तेल बर्फाच्या मुलुखासाठी. जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. आपल्याला दुसरा आकडा महत्त्वाचा. जाडी तीच ठेवली, तर सिंथेटिक म्हणून तापल्यावर तेल जास्त पातळ होत नाही. उलट ते उष्णतेत उशिरा जळतं आणि कमी उडतं. थंडीसाठी जन्मलेलं तेल खानदेशात उन्हासाठी कामाला येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जस्त. जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात. त्यांना वाचवतं ते जस्त आणि फॉस्फरसचं एक मिश्रण. पण फॉस्फरसने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून २००४ च्या एसएम दर्जापासून पातळ तेलांत त्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. १५डब्ल्यू-५० सारख्या जाड तेलांना ती लागू नाही. थोडक्यात, जुन्या गाडीला धोका सिंथेटिकचा कमी आणि नव्या गाडीसाठी बनवलेल्या पातळ तेलाचा जास्त.

हे सगळं मी मिस्तरींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, टॅपेट कव्हर उघडलं आणि बोटावर काळा गाळ घेऊन दाखवला. "हे आधी काढू. मग तुमचं तेल." त्यांचा मुद्दा बरोबर होता. जुनी भीती अजून याच गाळात शिल्लक होती. त्यांनी सम्प खाली उतरवला, जाळी हाताने धुतली, टॅपेट कव्हरचं आणि सम्पचं पॅकिंग बदललं. साधं खनिज तेल घालून ५०० किलोमीटर गाडी चालवली आणि ते काढून टाकलं. त्यानंतर सिंथेटिक १५डब्ल्यू-५० घातलं.

महिनाभर वडील रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून पाहायचे. पुढच्या पुलीजवळून एक थेंब पडत होता. मिस्तरी म्हणाले, "तो आधीपासूनच आहे, भाऊ. तुम्ही आत्ता पाहिला."

सगळ्यांनी असंच करावं असं नाही. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला चांगलं खनिज तेलही पुरतं. गाडी चालो न चालो, ते वर्षाला बदललं पाहिजे एवढंच. सिंथेटिकही त्याला अपवाद नाही, कारण उभ्या गाडीतल्या तेलातही ओल धरते. आम्ही सिंथेटिक घातलं ते उन्हासाठी, आणि वडिलांना मे महिन्यातही पद्मालयाला जायचं असतं म्हणून.

मिस्तरींचा सल्ला मला आता चुकीचा वाटत नाही. त्यात दोन खऱ्या अडचणींची आठवण आहे, एक गाळाची आणि एक रबराची. रबराची बहुतेक सुटली आहे. गाळाची प्रत्येक जुन्या गाडीत वेगळी असते आणि ती कळायला झाकण उघडावंच लागतं.