म्हसे, जिव्या सोमा

(१९३४ – १५ मे २०१८). वारली चित्रकार. लग्नघराच्या कुडावर सवाशिणींनी काढायचे विधीचे चित्र कागद-कापडावर आणून त्याला एका माणसाची स्वतंत्र कला बनवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. जन्म तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तलासरी तालुक्यात, धामणगाव येथे. पुढे डहाणू तालुक्यातील गंजाडजवळचा कळंबीपाडा हेच त्यांचे गाव झाले. तलासरी व डहाणू हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. म्हसे यांची बहुतेक कारकीर्द मात्र ठाणे जिल्ह्याच्या नावावर जमा आहे.

आई गेली तेव्हा ते जेमतेम सात वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी बोलणे टाकले आणि काही सांगायचे झाले की ते धुळीत चित्र काढून दाखवीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. ही हकीकत प्रत्येक प्रदर्शनाच्या पुस्तिकेत येते आणि जरा जास्तच वापरली गेली आहे. त्याच वर्षांत भोवताली काय चालले होते हे त्या पुस्तिकांत सहसा नसते. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडायला नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे, अशा वेठीतल्या माणसाला 'लग्नगडी' म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तिथे गेलेले वारली परतले आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-उंबरगाव भागात वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. म्हसे तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. ज्या लग्नापायी माणसे गहाण पडत, त्याच लग्नाचा चौक, म्हणजे विधीचे चित्र, भिंतीवर काढला जाई. वारली चित्रांना 'निरागस' म्हणण्याआधी एवढे ध्यानात असलेले बरे.

लग्नचौक हे मुळात बायकांचे काम. कारवीच्या कुडाची भिंत शेणाने सारवायची, तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून चौक लिहायचा. काडीचे टोक चावून मऊ केले की तीच कुंचली. चौकटीच्या आत पालघाट देवी, बाजूच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, आसपास फणी, शिडी, सूर्य, चंद्र. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, भगत येतो, लग्न लागते. चित्राचे काम तिथे संपले. पुढच्या पावसाळ्यात ओल आली किंवा भिंत पुन्हा सारवली की तेही गेले. ही परंपरा हजारो वर्षांची असल्याचे अनेक लेखांत ठणकावून सांगितलेले असते. मातीच्या भिंतीवरचा पुरावा इतका टिकत नाही. भीमबेटकाच्या प्रागैतिहासिक शैलचित्रांतील आकृत्यांशी असलेले साम्य डोळ्यांत भरते, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणू भागात आले. त्याआधी हस्तकलांच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ते बिहारमधील मधुबनीला गेले होते आणि दुष्काळाच्या दिवसांत तिथल्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला होता. तोच प्रयोग त्यांनी वारली पाड्यांवर केला. फरक एवढाच पडला की इथे ठसठशीतपणे पुढे आला तो एक पुरुष. लग्न नसतानाही, देवकार्य नसतानाही, केवळ काढावेसे वाटते म्हणून म्हसे चित्रे काढत. चौकाला मुहूर्त लागतो; म्हशांना तो लागत नव्हता.

१९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. केकू गांधी यांची ही गॅलरी त्या काळी आधुनिक चित्रकारांचे घर होती, हस्तकलेचे दुकान नव्हे. त्यामुळे पाड्यावरचे काम पहिल्याच फटक्यात 'कलाकुसर' या खात्यातून बाहेर पडले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये मांतोंला चित्रे लागली.

तंत्रात झालेला बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण म्हसे भिंतीपासून दूर गेले ते भिंत सोबत घेऊनच. कापड आणले, तरी त्याच्यावर आधी शेणाचा हात दिला. शेणाचा तो पिवळट-तपकिरी, थोडा खरबरीत पोत त्यांच्या अनेक मोठ्या चित्रांची जमीन आहे. काहींत तिथे गेरू येतो. तांदळाचे पीठ कापडावर मात्र तग धरीना, घडी पडली की पापुद्रे सुटत. मग पांढऱ्यात डिंक आला, पुढे बाजारातला तयार पांढरा रंग आणि अ‍ॅक्रिलिकही. बांबूची काडी राहिली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या शहरी खरेदीदारांना अ‍ॅक्रिलिक खुपते. पण कामाला जे सोयीचे ते कारागीर घेणारच.

रचनेतला बदल याहून मोठा आहे. चौक समोरासमोर, स्थिर आणि मध्यभागी देवी बसवलेला असतो. म्हशांनी ही मधली जागाच काढून टाकली. त्यांच्या चित्रात वर-खाली ठरलेले नसते, क्षितिज नसते. शेत, पाडा, नदी वरून पाहिल्यासारखी आणि माणसे बाजूने पाहिल्यासारखी, दोन्ही एकाच वेळी. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचे माणूस सगळेच वारली काढतात. म्हसे त्या त्रिकोणांना किंचित कलते करतात, कंबरेचा बिंदू जरा सरकवतात, आणि माणूस वाकतो, धावतो, ओझ्याने झुकतो. तारपा या वाद्यावरच्या नाचाची नागमोडी त्यांच्या हातात पोचली की नाचणाऱ्यांची रांग स्वतःच सरकू लागते.

मासेमारीच्या जाळ्याची चित्रे त्यांनी वारंवार काढली आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते ती त्यांची सर्वांत पक्की कामे आहेत. फेकलेले जाळे जवळजवळ सगळे कापड व्यापते. जवळून पाहिले तर सलग रेघ कुठेच नाही: भाताच्या तुसाएवढे आखूड फटकारे एकापुढे एक ठेवलेले, मध्ये केसभर फट, हात किंचित थरथरल्याचे दिसते. दोन पावले मागे सरले की हे तुकडे जोडले जातात आणि जाळ्याला पाण्यातला फुगवटा येतो. कडेला चार-दोन माणसे आणि अडकलेले मासे. विषय एवढाच. मुंग्या, पाखरे, मळणी, लाकडे आणणाऱ्या बायका, धान्यदेवता कणसरीच्या कथा हेही विषय आहेत, पण गती हा सगळ्यांमागचा विषय.

१९८९ मध्ये पॅरिसला पाँपिदू केंद्र आणि ला विलेत इथे 'माजिसियाँ द ला तेर' हे प्रदर्शन भरले. ज्याँ-ह्यूबेर मार्तँ यांनी शंभरेक कलावंत निवडताना निम्मे पाश्चात्त्य आणि निम्मे बाहेरचे घेतले होते. त्यांत म्हसे होते. इंग्लंडचा रिचर्ड लाँगही होता, जो भिंतीवर चिखलाने वर्तुळे करतो आणि चालत गेलेल्या वाटेलाच शिल्प मानतो. पुढे लाँग वारली मुलखात येऊन चालला, आणि २००३ मध्ये ड्युसेलडोर्फच्या म्युझियम कुन्स्टपालास्टमध्ये, जिथे तेव्हा मार्तँच संचालक होते, दोघांची चित्रे-शिल्पे शेजारी मांडली गेली. २००४ मध्ये मिलानलाही हे दोघे एकत्र दिसले. एकाची माती परंपरेतून आलेली, दुसऱ्याची विचारपूर्वक निवडलेली. समीक्षकांनी या जोडीवर भरपूर लिहिले. पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयात २०१० मध्ये आणि कार्तिए फाउंडेशनमध्ये २०१२ मध्ये म्हसे यांची कामे होती. जपानमध्ये तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयातही ती आहेत. २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री, हे मानसन्मान. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रांवरील १९८८ चा इंग्रजी ग्रंथ या काळाच्या अभ्यासाला उपयोगी पडतो.

यशाबरोबर गंजाड परिसराचा चेहराही बदलला. म्हशांचे मुलगे सदाशिव आणि बाळू चित्रकार झाले आणि अनेक घरांत भातशेतीला चित्रांची जोड मिळाली. कागदाचे चित्र पैसे देते म्हटल्यावर ते मुख्यतः पुरुषांच्या हाती गेले, आणि ज्यांच्याकडून ही आकृती आली त्या सवाशिणींची नावे कुठल्याच पुस्तिकेत आली नाहीत. या बाजूची खंत दालनांतून क्वचितच ऐकू येते. इकडे ठाणे-डोंबिवलीत शाळांच्या कुंपणांवर, सोसायट्यांच्या फाटकांवर, चादरी-कपांवर तारप्याचा नाच सर्रास दिसतो. त्यांतला बराचसा वारल्यांनी काढलेलाच नसतो. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो समाजाच्या नावावर आहे, कुणा एकट्या चित्रकाराच्या नव्हे, आणि नकली मालावर त्याने फारसा वचक बसलेला दिसत नाही.

पुढच्या पिढीने म्हशांचा कित्ता गिरवण्यापुरते समाधान मानलेले नाही. गंजाडचे राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर २०१३ पासून केलेल्या मालिकेत गिल यांच्या कृष्णधवल छायाचित्रांवर वारली आकृत्या काढल्या आहेत: गावाच्या आजच्या दृश्यावर आठवणीतले गाव. तुषार आणि मयूर वायेडा हे बंधूही गंजाडचेच. त्यांच्या कामात रेघ पुष्कळ बारीक झाली आहे आणि समुद्र, झाडांची मुळे, जमिनीखालचे जग असे विषय आले आहेत.