गाराशानिन आणि रिकामे झालेले मोहल्ले

बेलग्रेडच्या जुन्या किल्ल्याभोवतीच्या उद्यानाला कालेमेगदान म्हणतात. हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो. तुर्कीतला 'काले' म्हणजे आपला किल्लाच, आणि पुढचं 'मेगदान' म्हणजे मैदान. शब्द राहिले, माणसं गेली. ती कशी गेली हे शोधताना मला इलिया गाराशानिन भेटला.

त्याचा जन्म १८१२चा. सर्बिया तेव्हा उस्मानी साम्राज्यात होता. १८३०मध्ये त्याला स्वायत्तता मिळाली. १८४३ मध्ये गाराशानिन गृहमंत्री झाला आणि त्याने पोलीस व प्रशासनाची घडी बसवली. १८४४ मध्ये त्याने 'नाचेरतानिये' हा गुप्त आराखडा लिहिला. त्याचा मूळ मसुदा झाख नावाच्या एका चेक गृहस्थाचा. झाखने जिथे 'दक्षिण स्लाव' लिहिलं होतं, तिथे गाराशानिनने बहुतेक ठिकाणी 'सर्ब' केलं. एका शब्दाच्या बदलाने 'आपण' कोण, हेच बदललं. गंमत म्हणजे याच आराखड्यात धर्मस्वातंत्र्याचं तत्त्वही आहे. त्याने सगळे ख्रिस्ती आणि कदाचित पुढेमागे काही मुसलमानही समाधानी होतील, अशी त्याची आशा होती.

रशियाच्या दबावामुळे १८५३मध्ये त्याचं पद गेलं. १८६१मध्ये प्रिन्स मिहाइलोने त्याला पुन्हा पंतप्रधान केलं. जून १८६२मध्ये बेलग्रेडच्या एका पाणवठ्यावर उस्मानी शिपायांशी झालेल्या भांडणात एका सर्ब मुलावर हल्ला झाला आणि शहर पेटलं. परदेशी वकिलातींना सोबत घेऊन गाराशानिनने तह घडवला. तरीही दुसऱ्या दिवशी पाशाने किल्ल्यावरून शहरावर तोफा डागल्या.

त्यानंतर इस्तंबूलजवळ कान्लिजा इथे बड्या राष्ट्रांच्या साक्षीने करार झाला. सोको आणि उझित्से हे किल्ले पाडायचे ठरले. किल्ल्यांबाहेर शहरांत राहणाऱ्या मुसलमानांनी मालमत्ता विकून देश सोडायचा, हेही ठरलं. अनेकजण बोस्नियात गेले. तिथे वसवलेल्या वस्त्यांना सुलतान अब्दुल अझीझच्या नावावरून 'अझीझिया' म्हणत. आजचं शामात्स हे त्यांतलंच एक गाव. १८६७मध्ये बेलग्रेडच्या किल्ल्याच्याही चाव्या मिहाइलोच्या हाती आल्या. त्याच वर्षी मिहाइलोने गाराशानिनला पदावरून दूर केलं. १८७४मध्ये तो वारला.

मी त्याला धर्मवेडा म्हणणार नाही. आपल्या देशाला स्वतंत्र करायला निघालेला तो एक हुशार मुत्सद्दी होता. आणि सगळा दोष त्याच्याच माथी मारणं ही आपली सोयीची सवय ठरेल. सुलतानाच्या सरकारनेही वाटाघाटीत आधी किल्ल्यांचा विचार केला. कारागीर, दुकानदार, विधवा यांचा नंतर.

मला खुपतं ते वेगळंच. उझित्सेच्या कितीतरी मुसलमानांची बोली शेजारच्या सर्बांचीच होती. घरात, बाजारात, भांडणातही तीच. पण मोजणी झाली तेव्हा भाषा कुणी विचारली नाही, धर्म विचारला. ज्याची आई मराठीतच अंगाई गायली, त्या माझ्यासारख्याला ही गोष्ट परक्या देशातली वाटत नाही. कागदावरचं धर्मस्वातंत्र्य चांगलंच. पण 'आपण' या शब्दात आपल्याला धरलं आहे का, हे आधी पाहावं लागतं.