प्रमाण आणि प्रमाणपत्र

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, कंपनीत नवे प्रयोग घडवून आणायची जबाबदारी माझ्यावर आलीय. त्यासाठी एखादं प्रमाणपत्र घ्यावं का?" प्रश्न रास्त आहे. 2019 मध्ये आयएसओ 56002 ही नवोपक्रम-व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वं आली. 2024 मध्ये आयएसओ 56001 आलं, आणि त्यानुसार आता अख्ख्या संस्थेलाच प्रमाणपत्र घेता येतं. पण उत्तर देण्याआधी आपण जरा बेळगावला जाऊन येऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं, तेव्हा रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, बेळगावला येऊन भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं, आणि मग कडबा कापायची यंत्रं न् लोखंडी नांगर बनवायला घेतले.

नांगर तयार होता, गिऱ्हाईक नव्हतं. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली!

इथं आपल्या न्यायदर्शनाची आठवण होते. नैयायिक चार प्रमाणं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. प्रमाणपत्र म्हणजे यातलं शब्दप्रमाण. विश्वासू माणसानं सांगितलं, म्हणून आपण मानतो. शेतकऱ्याला मात्र प्रत्यक्ष हवं होतं. नांगर ढेकळात चालतो का, पीक येतं का, एवढंच तो बघणार. कुठल्याही शिक्क्यानं ती दोन वर्षं कमी झाली नसती.

1910 मध्ये औंध संस्थानात, माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथं अनंतराव फळणीकर होते. शाळा अर्धवट सोडलेले, पण कल्पक अभियंते ठरले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालदार नेमलं. माणूस कामात पारखायचा, ही त्यांची रीत. नेतृत्वाचं कौशल्य म्हणतात ते हेच, असं आम्हाला वाटतं.

मग प्रमाणपत्रं जाळायची का? तसं नाही. बढतीचा प्रसंग पुन्हा आठवा. लक्ष्मणरावांकडे लायकी होती, पण ती मोजणारी निःपक्ष फूटपट्टी तिथं नव्हती. ज्याच्या मागं जात, गोरा रंग किंवा वशिला नाही, त्याला चांगलं प्रमाणपत्र आधार देतं. फळणीकरांना लक्ष्मणराव भेटले. सगळ्यांना कुठं भेटतात?

आम्ही आयुष्यभर विद्यापीठाच्या कागदांवर सह्या केल्या. त्या सहीचा अर्थ एवढाच होता की हा विद्यार्थी इथवर आलाय. पुढं काय करेल, हे आम्हालाही ठाऊक नसायचं.

तेव्हा त्या तरुण मित्राला सांगणं एवढंच: प्रमाणपत्र जरूर घ्या, दार उघडायला उपयोगी पडेल. पण आत गेल्यावर पहिला नांगर विकेपर्यंत दोन वर्षं थांबायची तयारी ठेवा. आणि तुमच्या हाताखाली एखादा फळणीकर असेल, तर त्याला कागद मागण्याआधी काम देऊन बघा.