एका निबंधाचा दंड

आमच्या थेरगावांत शेजारच्या एका विद्यार्थिनीनें परवां आपली इंग्रजी निबंधाची वही आम्हांस दाखविली. विषय होता 'आमचें गाव'. निबंधांत पिंपळाचा पार होता, बैलगाड्या होत्या, वाऱ्यावर डुलणारीं शेतें होतीं. नव्हती ती पवना, पलीकडचें चिंचवड, आणि कंपनीच्या बसची वाट पाहत पहाटे रस्त्यावर उभीं राहणारीं माणसें. हा मजकूर तयार पुस्तकांतून उतरविला आहे हें मुलीनेंच हसत सांगितलें, व 'स्वतःचें लिहिलें तर गुण कमी मिळतात' असें वर कारणही दिलें. त्यावर आम्हांस चटकन उत्तर सुचलें नाहीं. कारण स्वतःचें लिहिल्याबद्दल याहून पुष्कळ जबर दंड भरलेला एक विद्यार्थी आम्हांस आठवला.

मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें. त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली, आणि तींत उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत महादेव गोविंद रानडे हे एक होते. १८६२ सालीं जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले त्यांतही ते होतेच. त्या पिढीला इंग्रजी निबंध हें केवळ भाषेचें व्याकरण तपासण्याचें साधन नव्हतें. सिद्धान्त मांडावा, प्रमाणें द्यावीं, विरुद्ध पक्षाचें खंडन करावें, अशी त्यांत अपेक्षा असे. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची ही रीत आमच्या शास्त्रीमंडळींस कांहीं नवी नव्हती. नवें होतें तें एवढेंच कीं, वादाचा विषय आतां राज्यकर्ता हाही होऊं शकत होता, आणि निबंध तपासणारा त्याच राज्यकर्त्याचा नोकर होता.

एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिकत असतांना रानडे यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याशीं इंग्रजी अंमलाची तुलना केली, व ती इंग्रजांस अनुकूल केली नाहीं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनीं त्यांस बोलावून, जें सरकार तुम्हांस शिकवितें त्याचीच निंदा करणें तुम्हांस शोभत नाहीं, अशा आशयाची समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद केली.

ग्रँट हे कोत्या बुद्धीचे गृहस्थ नव्हते. अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नामांकित संपादक. पुढें एडिंबरो विश्वविद्यालयाचे मुख्याधिकारी झाले. परंतु १८५७ चा वणवा नुकताच विझला होता, आणि पेशवाई बुडून अर्धशतकही लोटलें नव्हतें. ती डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें अजून हयात होतीं. अशा वेळीं केलेली तुलना ही गुरूला निबंध न वाटतां फिर्याद वाटली असावी. तरीही आमच्या मतें चूक गुरूचीच. त्यांनीं निबंधाचें खंडन लिहावयास हवें होतें. ज्यानें वाद करावयास शिकविलें, त्यानेंच वादाला वादानें उत्तर न देतां पैसे अडवावे, यांत त्या शिक्षणाची सारी अडचण उघडी पडते. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला सहा महिने म्हणजे काय, हें पगारी माणसास सहसा उमगत नाहीं.

गंमत अशी कीं, १८६८ सालीं हेच रानडे त्याच महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय व इतिहास शिकविण्यास अध्यापक म्हणून नेमले गेले. सरकारचे ते शत्रु झाले नाहींत. उलट १८९३ सालीं उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. इंग्रजी राज्यांत ईश्वरी योजना आहे असें म्हणण्याबद्दल तर पुष्कळांनीं त्यांस बोल लावला. परंतु मराठ्यांविषयींचें विद्यार्थिदशेंतलें तें प्रकरण त्यांनीं मिटविलें नाहीं. ग्रँट डफ (हे ग्रँट निराळे) यांनीं १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इतिहासांत मराठ्यांचा उदय सह्याद्रींतल्या वणव्यासारखा अकस्मात झालेला दाखविला होता. रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत हें मत खोडून काढलें. संतांनीं भूमि तयार केली, लोकांत ऐक्य वाढत होतें, आणि शिवाजीमहाराजांनीं त्या शक्तीला आकार दिला, असें त्यांनीं सांगितलें. आणि तें इंग्रजींतच सांगितलें. पुढच्याच वर्षीं, जानेवारी १९०१ मध्यें, ते वारले.

ही हकीकत आम्हीं त्या मुलीस सांगितली. तिनें विचारलें, 'मग त्यांचे पैसे परत मिळाले का?' आम्ही निरुत्तर झालों. पुढच्या आठवड्यांत तिला 'नदी' हा विषय आहे. तयार पुस्तकांतल्या नदीचें पाणी स्फटिकासारखें आहे, आणि पवना तिच्या गच्चीवरून दिसते.