खवीस, बॅरक आणि मलंगगड

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला एक सिंधी मुलगा गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. त्याचे वडील माझे जुने मित्र, त्यामुळे तो मला चाचा म्हणतो. त्याला भुताचा सिनेमा करायचा आहे, पैसे लावणारा एक माणूसही मिळाला आहे. कथा दुसऱ्या महायुद्धातली, जागा त्याच्या घराजवळचीच. म्हणाला, "चाचा, तुम्ही इतिहासावर लिहिता, तेवढं जरा बघून द्या."

कथा अशी होती. १९४४ साल, कल्याण कॅम्प. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणारी एक तुकडी इथे अडकून पडलेली. रात्री एकेक शिपाई गायब होतो, सकाळी नदीकाठी प्रेत सापडतं. मारणारा कोण, तर खवीस.

जागा त्याने छान निवडली होती, हे मी आधी कबूल केलं. आज ज्याला आपण उल्हासनगर म्हणतो ती मुळात फौजेची छावणी. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील अशी सोय, २,१२६ बॅरक आणि वर अकराशेच्या पुढे क्वार्टर्स. जागा कल्याणची का, हे रेल्वेचा नकाशा बघितला की कळतं. एक फाटा कर्जतवरून पुण्याकडे जातो, दुसरा कसाऱ्यावरून नाशिककडे. मुंबई बंदरात उतरलेला किंवा बंदराकडे निघालेला शिपाई इथे थांबवून ठेवता येत होता.

या थांबवून ठेवण्यात खरं भय आहे, असं मी त्याला सांगितलं. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे सोजीर बोटीची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहत. उन्हाने, मलेरियाने आणि रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. त्या गावाच्या नावावरून इंग्रजीत वेड लागण्याला ‘डुलाली’ हा शब्दच रूढ झाला. कल्याणची छावणीही त्याच जातीची. त्यात १४ एप्रिल १९४४ ची दुपार धरा. मुंबई बंदरात फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसं गेली, जहाजातल्या सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या, सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा उमटला. आणि सरकारने बातमी दाबून धरली. छावणीतल्या शिपायाला काय कळलं असेल? क्षितिजावर धूर, आणि तोंड उघडायचं नाही हा हुकूम. भूत आणायला यापेक्षा चांगली रात्र कुठली मिळणार?

मुलगा खूश झाला. मग मी खवीसावर आलो.

"खवीस म्हणजे काय, माहीत आहे?"

"डेंजर भूत असतं ना, सर्वांत ताकदवान?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. मराठी मुलुखात भुतांनाही जात असते. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा पोर मुंजा होतो, कोळी-खारव्याचा झोटिंग होतो, आणि मुसलमान मेला की त्याचा होतो खवीस. जुन्या कोशांत हा अर्थ सरळ दिलेला आहे. शब्द मात्र अरबी ‘खबीस’वरून आलेला, म्हणजे नापाक, दुष्ट. गंमत बघा, संडासात जाताना म्हणायची जी दुआ आपल्या घरात पोरांकडून पाठ करून घेतात, तिच्यात याच धातूचे शब्द आहेत. ज्याच्यापासून आपण लहानपणापासून पनाह मागत आलो, तेच नाव शेजाऱ्यांनी आपल्या मेलेल्यांना दिलं! मला याचा राग येत नाही. लोकांनी जगताना जी उतरंड बघितली तीच मेल्यावर चालू ठेवली. पण पडद्यावर, आजच्या दिवसांत, एका फौजी तुकडीला मारणारं मुसलमान भूत उभं केलं की ते लोककथा राहत नाही.

शिवाय आमच्याकडे मेलेला माणूस भूत होऊन फिरत नाही. रूह बरजखमध्ये असते, कयामतपर्यंत. जिन्न ही वेगळीच मखलूक, आगीपासून झालेली, त्यांच्यातही नेक आणि बद दोन्ही. कुरआनचा ७२वा सूरा त्यांच्याच नावाचा आहे. मुसलमान घरात भीती वाटते ती जिन्नाची, आणि ती भीती खवीसापेक्षा फार निराळी. जिन्न बदला घ्यायला येत नाही. तो आधीपासून तिथे असतो, तुमचं तिथे असणंच त्याला चालत नाही.

त्याला मी बाबक अन्वरी यांचा ‘अंडर द शॅडो’ बघायला लावला. २०१६चा फारसी सिनेमा, इराण-इराक युद्धातलं तेहरान. नवरा डॉक्टर, आघाडीवर पाठवलेला. बायको मुलीला घेऊन फ्लॅटमध्ये. वरच्या मजल्यावर न फुटलेलं क्षेपणास्त्र येऊन पडतं, छताला भेग जाते, आणि शेजारीण म्हणते की जिन्न वाऱ्याबरोबर आले. मला सर्वांत जास्त काय लागलं सांगू? ती बाई जिन्नाला घाबरून लेकराला घेऊन रात्री रस्त्यावर धावते, आणि डोक्यावर कपडा नाही म्हणून पोलीस तिलाच पकडतात. घरात जिन्न, बाहेर सरकार. युद्धातली भयकथा इथे उभी राहते. पळायला एक दार असतं, त्या दारातही कोणीतरी उभं असतं.

आठ दिवसांनी मुलगा परत आला. सिनेमा त्याने दोनदा बघितला होता. म्हणाला, "चाचा, माझ्या कॅम्पात दुसरं दारच नाही. शिपाई घाबरला तर पळून जाईल, फार तर कोर्ट मार्शल." बरोबर होतं त्याचं. मग तो आपल्या दादीबद्दल बोलायला लागला. ती १९४७ नंतर लहानपणी सिंधहून आली, रिकाम्या बॅरकमध्ये. मधल्या हॉलमध्ये गोणपाट आणि चादरी बांधून एकेका कुटुंबाने आपला कोपरा केलेला. सुमारे लाखभर माणसं अशी या छावणीत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नाव मिळालं, उल्हासनगर. दादीला बॅरकमधल्या भुतांची भीती कधी वाटली नाही म्हणे. तिला रात्री मागे राहिलेल्या घराचं दार वाजताना ऐकू यायचं.

"हा सिनेमा कर," मी म्हटलं. "तो नंतरचा," तो म्हणाला, "दादी गेल्यावर." मी पुढे काही बोललो नाही.

मग मी त्याला खिडकीशी नेलं. अंबरनाथच्या माझ्या घरातून, पावसाने उघडीप दिली की, मलंगगड दिसतो.

१८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या गडाची हकीकत आहे. १७८० साली इंग्रजांनी कल्याण घेतलं. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं. त्या पावसाळ्यात कॅप्टन ॲबिंग्टनने मलंगगडावर छापा घातला. खालचा किल्ला हाती आला, पण मराठ्यांची शिबंदी वरच्या सुळक्यावर चढली आणि तिथून हटेना. मग खालूनही मराठी फौजेने कल्याणची वाट तोडली. वर शत्रू, खाली शत्रू, मध्ये इंग्रजांची तुकडी, आणि मलंगगडचा पाऊस. त्याच डोंगराच्या अंगावर हाजी मलंगबाबांची मजार. अखेर हार्टली फौज घेऊन आला तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

"दोन्ही दारं बंद," मुलगा म्हणाला.

पुढची गोष्ट जास्त मोलाची. इंग्रज दोन वर्षांनी कल्याणहून गेले. पुस्तकातलं कारण १७८२चा सालबाईचा तह. लोकांच्या तोंडी कारण एकच, बाबा मलंगने त्यांना घालवलं. आणि हे फक्त मुसलमान म्हणत नव्हते. आभार म्हणून कल्याणच्या काशीनाथपंत केतकर या ब्राह्मणाबरोबर बाबांच्या मजारीला मोत्यांची झालर लावलेली जरीची चादर पाठवली गेली. केतकरांनी दर्ग्याची दुरुस्ती केली, वहिवाट त्यांच्याकडे आली. पुढे मुसलमानांनी तक्रार केली की ब्राह्मणाकडे व्यवस्था कशी. १८१७ मध्ये ठरलं की बाबांचीच मर्जी बघू, चिठ्ठ्या टाकू. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा चिठ्ठी केतकरांच्या बाजूने निघाली. ते घराणं आजही तिथे आहे. गेली चाळीस वर्षं ही जागा दर्गा की मच्छिंद्रनाथांची समाधी हा वाद चालू आहे, कोर्टातही आहे, माघी पौर्णिमेला पोलीस बंदोबस्त लागतो. पण युद्धात परक्या फौजेला पळवून लावणारी अदृश्य ताकद म्हणून कल्याणच्या लोकांनी कोणाचं नाव घेतलं होतं, ते गॅझेटियरमध्ये छापलेलं आहे.

"मग व्हिलन कोण?" त्याने विचारलं.

मी त्याला एवढंच सांगितलं की ॲबिंग्टनच्या तुकडीतले सगळे गोरे नव्हते. कंपनीच्या मुंबई फौजेत मराठे होते, महार होते, बेने इस्राएली होते, आणि मुसलमान शिपाईही होते. अशा एका शिपायाला घे. पगार कंपनीचा, पहारा मजारीपाशी. त्याला रात्री काय ऐकू येईल? इतरांना ते भूत वाटेल. त्याला मात्र वाटेल की बाबा आपल्याशीच बोलतायत, जा इथून म्हणून. जिन्न की वली की नुसता वारा, हे त्याला कोणाला विचारताही येणार नाही.

तो तिथेच वहीत लिहायला बसला. चहा दोनदा गार झाला.

पैसे लावणाऱ्याला कथा आवडली, फक्त दोन बदल हवेत म्हणे. गडाचं नाव काल्पनिक करा, आणि मजारीऐवजी एखादी गुहा दाखवा, उगाच लफडं नको. मुलाने महिनाभर मागितला आहे. बदलापूरच्या एका कॅमेरामन मित्राला घेऊन तो परवा पहाटे गडावर जाऊन आला, नुसते आवाज रेकॉर्ड करायला. मोबाइलवर त्याने मला ऐकवले: पाऊस, सुटलेला एक दगड घरंगळत खाली जातो तो आवाज, आणि फार दुरून, फजरची अजान.

"हे ठेवू ना, चाचा?"

"ठेव," मी म्हटलं.

गुहेचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.