जातनिरपेक्षता आणि राजा मिलिंदाचा रथ

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीलगत नागसेनवन आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्याच्या इमारतीची कोनशिला बसविली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास 'मिलिंद' हे नाव दिले. या नावातच एका आधुनिक वादाचे उत्तर दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, मोजके अपवाद वगळता, हिंदूंव्यतिरिक्त कोणासही अनुसूचित जातीत गणले जात नसे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांच्या केंद्रीय सवलती त्यामुळे संपुष्टात आल्या. युक्तिवाद असा की, बौद्ध धम्मात जात नाही; मग जातीच्या सवलती कशासाठी? महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायद्यात दुरुस्ती केली. मधली चौतीस वर्षे अनेक विद्यार्थ्यांपुढे एकच पेच होता : अर्जावर 'बौद्ध' लिहावे, की शिष्यवृत्तीसाठी जुनी जात?

अमेरिकेतही असेच घडले. १८९६ च्या प्लेसी खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनी संविधान वर्ण पाहत नाही असे भिन्नमत नोंदविले, ते भेदभावाच्या कायद्याविरुद्ध. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशातील वंशाचा विचार अवैध ठरविला, तेव्हा तेच तत्त्व उपायाविरुद्ध वापरले गेले.

वासेट्ठसुत्तानुसार तृण, वृक्ष, पशू यांत जातिभेदाची चिन्हे जन्मतः असतात, मनुष्यांत नसतात; मनुष्यांतील भेद केवळ व्यवहारातील संज्ञा होत. परंतु संज्ञा म्हणजे शून्य नव्हे. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतात, रथ म्हणजे चाक काय, आस काय, जू काय? अखेरीस ठरते की, या अवयवांच्या आश्रयाने होणारा व्यवहार म्हणजे रथ. रथाला स्वतंत्र सत्त्व नाही. तरीही राजा त्या रथातूनच आला होता.

जातीचेही तसेच आहे. वेगळी वस्ती, नाकारलेले पाणी, जातीतच होणारे विवाह, वाट्याला न आलेली जमीन हे तिचे अवयव होत. ते जुळलेले असेपर्यंत नोंदवहीतून शब्द खोडल्याने रथ थांबत नाही. तो कोणाच्या अंगावरून गेला, एवढेच दिसेनासे होते. म्हणून 'जात नाही' हे बुद्धवचनाचे सार आणि 'जातीने झालेली हानी मोजा' ही मागणी यांत विरोध नाही. पहिले ध्येय आहे. दुसरा त्याकडे जाणारा मार्ग.