लाइव्ह सोनार : गोड्या पाण्यातील मासेमारीत वापर

लाइव्ह सोनार हे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालील मासे, आमिष, बुडालेली झाडे आणि तळ यांचे हलते चित्र त्याच क्षणी पडद्यावर दाखविणारे उपकरण आहे. अमेरिकेतील तलावांवर बास, क्रॅपी आणि वॉलआय या माशांच्या गळमासेमारीत ते विशेष रूढ झाले असून, त्याचा वापर शिकणे म्हणजे मुख्यतः हे चित्र वाचायला शिकणे होय.

पूर्वपीठिका : हौशी मासेमारांसाठी लहान सोनारयंत्रे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मिळू लागली. त्यांच्या सरकत्या आलेखात फक्त कडेची रेघ वर्तमानकाळाची असते आणि उरलेला भाग होऊन गेलेल्या क्षणांचा असतो. त्यामुळे नौकेखाली स्थिर असलेला लहान मासाही लांबलचक पट्टा उमटवतो. गार्मिन कंपनीने २०१५ मध्ये पॅनॉप्टिक्स आणि २०१८ मध्ये लाइव्हस्कोप ही उपकरणे आणल्यावर नौकेपुढील पाण्यातील हालचाल थेट दिसू लागली.

कार्यपद्धती : विद्युत्‌ स्पंदांचे ध्वनीत आणि परतलेल्या ध्वनीचे पुन्हा विद्युत्‌ संकेतांत रूपांतर करणारा भाग, म्हणजे ट्रान्सड्यूसर, बहुधा नौकेच्या विद्युत्‌ मोटरीच्या दांड्यावर बसवितात. गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सु. १,४८० मी. असल्याने १५ मी. अंतरावरील माशाचा प्रतिध्वनी सु. ०·०२ सेकंदात परततो. माशाच्या शरीरातील हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, ध्वनी जोरकसपणे परावर्तित करते, म्हणून मासा ठळक दिसतो. लाइव्हस्कोपचा झोत उभ्या दिशेने १३५°, पण आडव्या दिशेने केवळ २०° पसरतो. तरीही १५ मी. अंतरावर त्याची रुंदी ५ मी.हून अधिक होते आणि या रुंदीतील सर्व वस्तू सपाट पडद्यावर एकाच प्रतलात दिसतात. आमिष माशाच्या तोंडाशी दिसत असताना प्रत्यक्षात ते काही मीटर बाजूला असू शकते, हे नवशिक्याला सर्वप्रथम समजून घ्यावे लागते.

शिकण्याचा क्रम : सुरुवातीला खोली ठाऊक असलेल्या उथळ जागी परिचित आमिष ठरावीक खोलीवर सोडून त्याचा ठिपका ओळखण्याचा सराव करतात. पल्ला कमी ठेवल्यास चित्र मोठे दिसते. संवेदनक्षमता, म्हणजे क्षीण प्रतिध्वनी कितपत दाखवायचे याचे प्रमाण, फार वाढविल्यास पडदा निरर्थक ठिपक्यांनी भरतो आणि फार घटविल्यास आमिषच दिसेनासे होते. त्यानंतर मोटरीचा दांडा सावकाश फिरवून बुडालेले झाड शोधणे, झोताच्या रेषेतच गळ फेकणे आणि आमिष माशाच्या किंचित वर राखणे, या क्रमाने हात व नजर यांचा मेळ बसवितात. मासा आमिषामागे येतो, थबकतो की वळून जातो हे दिसत असल्याने आमिषाची गती तत्काळ बदलता येते. मात्र दिसलेला मासा गळाला लागेलच असे नाही.

मर्यादा व निर्बंध : खोल पाण्यातील मासा वेगाने वर ओढल्यास दाब घटून त्याचा वाताशय फुगतो आणि सोडून दिल्यावरही तो मरू शकतो, म्हणून खोलवरचे मासे सहज दिसले, तरी परत सोडण्याच्या हेतूने ते पकडणे टाळतात. कौशल्यापेक्षा यंत्राचे पारडे जड होते, या आक्षेपामुळे अमेरिकेतील व्यावसायिक बास स्पर्धांतही या उपकरणाच्या वापरावर मर्यादा आल्या असून, मेजर लीग फिशिंगच्या बास प्रो टूरने २०२५ च्या हंगामात दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात त्याला मुभा दिली.